नावडतीचे मीठ



न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून महाराष्ट्रात एक रीत पडून गेली आहे. उन्हाळा लागला, मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की गावोगावच्या लोकांनी संध्याकाळी एकत्र बसावे आणि कोणीतरी त्यांना काहीतरी भारदस्त सांगावे. ही रीत चांगली आहे. परंतु भारदस्त विषयांचा पुरवठा काही अमर्याद नसतो, आणि श्रोत्यांच्या सहनशीलतेचा तर नसतोच नसतो. म्हणून चालकांच्या परवानगीने मी आज एक अगदी हलका विषय घेऊन आपणांपुढे उभा आहे. विषय आहे 'आवडनिवड'. कोणाला चहा कपबशीतून लागतो, कोणाला पेल्यातून. कोणाला वर्तमानपत्र घडी न मोडलेलेच हवे, तर कोणी ते शेवटच्या पानापासून उघडतो. कोणाला पत्र्यावरचा पाऊस आवडतो, कोणाला तो कौलांवरचाच गोड वाटतो. या गोष्टी ओसरीवर बोलावयाच्या. त्या व्यासपीठावर कशाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. त्यांनी थोडा धीर धरावा.

आपण या किनाऱ्यावरची माणसे तरी या विषयाला क्षुल्लक म्हणू शकत नाही. मुंबईत एखाद्याला अडाणी ठरवावयाचे असले की, 'काय रे, अलिबागहून आलास काय?' असे विचारण्याची एक जुनी खोड आहे. या वाक्प्रयोगावर बंदी घालावी म्हणून एक याचिका थेट मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. 2019 साली न्यायालयाने ती फेटाळली. असे विनोद सर्वच समाजांवर होत असतात, ते मनाला लावून घेऊ नयेत, असा एकंदर त्या निर्णयाचा सूर होता. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु एक क्षुल्लक शेरा, सहज तोंडातून गेलेला, आणि तो कोणाच्या तरी मनाला इतका लागतो की तो कोर्टाची पायरी चढतो! मग सहज बोललेल्या आवडीनिवडीत काय दडलेले असते, हे पाहणे अगदीच निरुपयोगी नाही.

प्रथम आवडीच्या बाजूने दोन शब्द बोलतो. दोन अनोळखी माणसे एकत्र आली म्हणजे बोलणार कशावर? रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच घ्या, किंवा पेण-अलिबाग एस.टी. घ्या. शेजारी बसलेल्या गृहस्थाला आपण त्याचा धर्म विचारीत नाही, मत कोणाला दिले हे विचारीत नाही, आणि पगार विचारलाच तर तो खरा सांगत नाही. पण खिडकीजवळची जागा आवडते काय, एवढे विचारले की तो बोलू लागतो. मग आंबा हापूस बरा की पायरी, पावसाळ्यातली चिंबोरी भरलेली बरी की कालवणातली, वालाला गूळ घालावा की घालू नये, असे एकेक निघत जाते. धक्का येईपर्यंत दोघांना एकमेकांविषयी जे कळलेले असते ते कोणत्याही ओळखपत्रावर लिहिलेले नसते. मोठी मते माणसाने पुष्कळदा उसनी घेतलेली असतात. कोणी ती वर्तमानपत्रातून घेतो, कोणी पक्षाकडून, कोणी वडिलांकडून. परंतु 'मला शिळ्या भाकरीवर तेल-तिखट आवडते' हे मत कोणी उसने घेत नाही. ते त्याचे स्वतःचे असते. म्हणून मी म्हणतो की बारीकसारीक आवडी सांगणे हा वेळेचा अपव्यय नव्हे. अनोळखी माणसाच्या घराचे ते मागचे दार आहे, आणि मागच्या दाराने जो येतो तो घरचा होतो.

तथापि आपली आवड ही सर्वस्वी आपली असते काय? येथे जरा खोलात गेले पाहिजे. आपण ज्याला 'आपली चव' म्हणतो, तिचा पाया तिखट. तिखटावाचून आगरातले कालवण नाही. परंतु मिरची ही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती समुद्रमार्गाने हिंदुस्थानात आणली, ते सोळाव्या शतकात. त्यांची गलबते जेथे लागत त्या बंदरांत आपले चौल-रेवदंडा होते. 1740 पर्यंत रेवदंड्याचा कोट त्यांच्या ताब्यात होता, आणि पलीकडे कोर्लईला त्यांच्या भाषेच्या मिश्रणातून झालेली एक बोली आजही घराघरांतून बोलली जाते. काजू, पेरू, पपई, अननस हीसुद्धा त्याच वाटेने आलेली मंडळी. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळी या किनाऱ्यावर कोणी मिरचीचा ठेचा खाल्लेला नाही. चहाची गोष्ट तर कालपरवाची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चहाच्या व्यापाऱ्यांनी स्टेशनांवर, बाजारांत, गावोगाव प्रचार करून ही आवड आपल्यात पेरली; त्या वेळचे वडीलधारे चहाला नाके मुरडीत होते, आणि आज चहा न विचारणारे घर असंस्कृत ठरते. तेव्हा आपली जीभ ही आपणांस वाटते तितकी सनातन नाही. ती पाहुण्यांना जागा देत आलेली आहे. ज्याला आपण आज 'छे, हे काय खायचे!' म्हणून दूर सारतो, ते आपल्या नातवाच्या ताटातले आवडते पक्वान्न होण्याचा पुष्कळ संभव असतो.

चौलचे नाव निघाले म्हणून तेथे उतरलेल्या एका पाहुण्याची आठवण करून देतो. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकावयास घेऊन चौलच्या बंदरात उतरला. रेवदंड्याला त्याचे स्मारकही आहे. आपल्या टिपणांत त्याने लिहून ठेवले आहे की येथील लोक डोके उघडे ठेवतात, अंगभर कपडे घालीत नाहीत, आणि आपण गोरे म्हणून लोक आश्चर्याने आपल्या मागून येतात. पाहा कशी गंमत आहे: त्याला आपण विचित्र, आपणांला तो विचित्र. पुढे देशात हिंडल्यावर त्याने आणखी एक गोष्ट टिपली. या देशात अनेक पंथ आहेत, आणि एका पंथाचा माणूस दुसऱ्याबरोबर जेवीत नाही, पाणी पीत नाही, सोयरीक करीत नाही. आपण काय खातो यापेक्षा आपण कोणाबरोबर खात नाही, हे त्या परक्या माणसाच्या नजरेला चटकन दिसले. माझ्या आजच्या विषयाचे मर्म येथेच आहे.

मराठी भाषा या बाबतीत फार बारीक आहे. नावड म्हणावयास आपल्यापाशी एक शब्द नाही, त्यांची एक उतरंड आहे. पहिली 'नावड'. कारले आवडत नाही. वाढू नका म्हणजे झाले. मग 'कंटाळा', मग 'वीट'. रोज तेच खाऊन येतो तो. येथवर प्रकरण माणूस आणि पदार्थ यांच्यामध्येच असते. त्याच्यापुढे 'तिटकारा' येतो, 'किळस' येते, आणि शेवटी 'शिसारी'. हे शब्द उच्चारताना तोंड कसे होते ते पाहा. पदार्थावरून नजर उठते आणि तो खाणाऱ्यावर जाऊन बसते. 'मला सुकट आवडत नाही' हे एक वाक्य. 'शी, हे लोक सुकट खातात' हे अगदी वेगळे वाक्य. पहिल्यात माझी जीभ बोलते. दुसऱ्यात मी न्यायाधीश होऊन बसलेला असतो, आणि आरोपीला बोलण्याची संधीसुद्धा दिलेली नसते.

आपल्याकडे म्हण आहे: 'नावडतीचे मीठ अळणी.' ज्यांच्या जिल्ह्यात मीठ पिकते त्यांनी या म्हणीचा अर्थ इतरांपेक्षा अधिक समजून घ्यावा. पेण-उरणच्या मिठागरांत मीठ कसे होते? भरतीचे पाणी बांध घालून आत घ्यावयाचे, एका खणातून दुसऱ्या उथळ खणात सोडीत जावयाचे, आणि पावसाळा सरल्यापासून पुढचा पावसाळा येईपर्यंत उन्हाने ते आटवावयाचे. मग तळाशी दाणा धरतो, तो फळीने ओढून ढीग करावयाचे. या कामाने पायांची कातडी जाते. आगर पिकविणारे ते आगरी, असे त्या समाजाच्या नावाविषयी सांगतात. हे मीठ आवडतीच्या हातात गेले काय आणि नावडतीच्या हातात गेले काय, त्याचा खारेपणा तोच. मग ते अळणी कसे होते? ते जिभेवर अळणी होत नाही, मनात होते. म्हण करणाऱ्याने एका ओळीत सांगून ठेवले आहे की पुष्कळ वेळा आपण पदार्थाला नावे ठेवतो तेव्हा आपले भांडण पदार्थाशी नसतेच; ते वाढणाऱ्या हाताशी असते.

याचे रोजचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. कोळीण टोपली घेऊन गाडीत चढली की चार नाके मुरडतात. कोणी खिडकी उघडतो, कोणी रुमाल काढतो. दुपारी तीच चार नाके त्याच टोपलीतल्या बोंबलांच्या वासाने स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहतात. वास एकच, ताटात आला की सुवास, टोपलीत असला की दुर्गंध! मुंबईत तर जे मासे खातात त्यांना घर भाड्याने द्यावयाचे नाही, अशा अटी काही इमारतींतून ऐकू येतात. कोणी मासे खाऊ नयेत असे वाटणे हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, आणि त्या श्रद्धेचा मी आदर करतो. परंतु एकाची नावड जेव्हा दुसऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर ठरवू लागते, तेव्हा ती नावड राहत नाही. ती सत्ता होते.

यावर कोणी विचारील, तर काय माणसाने नकोच म्हणू नये? सर्वांनी सर्व खावे? मुळीच नाही. नकार कसा द्यावा याचा वस्तुपाठ आपल्या याच किनाऱ्यावर शतकानुशतके चालू होता. मी बेने इस्रायल समाजाविषयी बोलतो आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला त्यांचे पूर्वज जहाज फुटून लागले, असे ते परंपरेने सांगतात. ते येथे तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. आडनावेही त्यांनी आपल्या गावांचीच घेतली: केहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. भाषा मराठी. आता यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे खवले व पर नसलेला मासा निषिद्ध. म्हणजे कोलंबी, चिंबोरी, कालवे, तिसऱ्या सगळे बाद. या किनाऱ्यावर राहून हे न खाणे म्हणजे केवढा नकार! मांस आणि दूधदुभते एकत्र करावयाचे नाही, हाही नियम. मग त्यांनी काय केले? त्यांनी येथल्याच नारळाचा रस काढला आणि त्यात आपले कालवण शिजविले. गोडधोडाला मलिदा केला, तोही येथल्याच पोह्यांचा आणि नारळाचा. नियम पाळला, आणि गावही सोडले नाही. त्यांनी शेजाऱ्याच्या चिंबोरीला नाक मुरडले नाही, शेजाऱ्यांनी त्यांच्या शनिवारची अडवणूक केली नाही. 1948 नंतर बहुतेक मंडळी इस्रायलला गेली. अलिबागची इस्रायल आळी आणि मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर मागे राहिले; तिकडे गेलेल्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. ज्या गावात आपल्या नकाराचा अपमान झाला नाही, त्या गावाची भाषा माणूस एवढ्या लांब उगाच घेऊन जात नाही. 'मला चालत नाही' असे म्हणता येते, आणि तरीही ओसरीवर एकत्र बसता येते, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

आता याच्या उलट चित्र पाहावयाचे तर किनारा सोडून सावित्री नदीच्या वाटेने थोडे आत जावे लागेल; पण जिल्ह्याबाहेर जावे लागणार नाही. महाडच्या चवदार तळ्याचे नाव आपण सर्व जाणता. पाण्याला गोडी होती म्हणून तळ्याला 'चवदार' म्हणत. सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे असावेत असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 साली संमत झाला होता, आणि महाड नगरपालिकेनेही 1924 साली तळे खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही ज्या पाण्यावर गुरे येत होती त्या पाण्यावर अस्पृश्य मानलेला माणूस येऊ शकत नव्हता. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तेथे गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर त्या सत्याग्रहींवर हल्ले झाले, आणि पंचगव्य घालून तळे 'शुद्ध' करून घेण्यात आले! पाण्याची चव बदलली होती काय? त्यात गढूळपणा आला होता काय? पाणी तेच होते. नावडतीचे मीठ अळणी झाले होते. त्या तळ्यावरच्या हक्काचा निकाल उच्च न्यायालयाकडून मिळावयास 1937 साल उजाडले.

आपणांस वाटेल, हा मनुष्य कपबशीवरून थेट चवदार तळ्यावर कसा पोहोचला? कारल्याची नावड आणि अस्पृश्यता यांना एका मापाने मोजावे, असे मी म्हणत नाही. अस्पृश्यतेच्या मागे जमीन होती, सत्ता होती, ग्रंथांचा आधार होता. परंतु ती रोज जिवंत ठेवली जात होती ती कोठे? स्वयंपाकघरात, पाणवठ्यावर, ओसरीच्या पायरीशी. 'त्यांच्या हातचे आम्हांला चालत नाही' हे वाक्य लहान मूल घरात ऐके, आणि पुढे त्या मुलाला खरोखरच मळमळू लागे. शिकविलेली किळस ही अंगात भिनली म्हणजे ती स्वभावासारखी वाटते, आणि स्वभावाला औषध नाही म्हणून मनुष्य मोकळा होतो. म्हणून आपली नावड कोठून आली, ती जिभेची आहे की कोणी कानात सांगितलेली आहे, एवढे प्रत्येकाने एकदा तपासून पाहावे.

दूरच्या तळ्याकडून आता घराकडे येऊ. कारण नावडतीची म्हण मुळात घरातली आहे. आपल्या जिल्ह्याचा आवडता पदार्थ म्हणजे वालाचे बिरडे. भात कापल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावर हा वाल येतो. पण तो शेतातून ताटात कसा येतो? आदल्या दिवशी भिजत घालावयाचा, बांधून ठेवून मोड आणावयाचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलावयाचा. दहा माणसांच्या जेवणाला किती दाणे लागतात, हे सोलणारीलाच ठाऊक. 'मला बिरडे फार आवडते' असे जो प्रेमाने सांगतो त्याच्या आवडीला दुसऱ्या कोणाच्या तरी बोटांची सोबत असते. आता मी आपणांस एक प्रश्न विचारतो. आपल्या घरी जी बिरडे करते, तिला स्वतःला बिरडे आवडते काय? सभेतल्या पुष्कळ पुरुषांना याचे उत्तर देता येणार नाही, असा माझा तर्क आहे. बाबांना काय आवडते ते साऱ्या घराला माहीत असते. मुलांच्या आवडीची तर यादीच असते. पण आईला काय आवडते असे विचारले, तर घरातून उत्तर येते, 'तिला काय, तिला सगळे चालते.' 'चालते' हा शब्द मला फार खिन्न करणारा वाटतो. चाळीस वर्षे एका घरात राहून जिची आवड कोणाला ठाऊक नाही, ती त्या घरात किती राहिली, असा प्रश्न पडतो.

येथे एक मोठा आक्षेप येईल, आणि तो आपल्याच जिल्ह्यातून येईल. आचार्य विनोबा भावे 1895 साली पेण तालुक्यातल्या गागोदे गावी जन्मले. गांधीजींच्या आश्रमात जी एकादश व्रते होती, त्यांत 'अस्वाद' हे एक व्रत. विनोबांनी ते आयुष्यभर आचरिले. अन्न हे शरीरासाठी आहे, जिभेच्या लाडासाठी नव्हे, असा त्याचा भाव. मग आवडीनिवडींचे एवढे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. या आक्षेपाचे मोल मी मान्य करतो. जिभेच्या तालावर नाचणारा मनुष्य स्वतंत्र नव्हे. परंतु व्रत हे स्वतः घ्यावयाचे असते. ते दुसऱ्याला वाढावयाचे नसते. ज्याच्यापुढे चार पदार्थ आहेत त्याने एकावर तृप्त राहणे, हा संयम. ज्याच्यापुढे एकच आहे त्याला संयमाचा उपदेश करणे, हा निर्दयपणा. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाने 1933 साली खोतांविरुद्ध जो संप पुकारला तो 1939 पर्यंत चालला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी वर्षानुवर्षे शेते ओसाड ठेवली आणि उपास काढले. ते उपास काही अस्वादाचे व्रत म्हणून नव्हते. आपण पिकविलेल्या भातातून आपल्या ताटात किती यावा, हे ठरविण्याचा हक्क त्यांना हवा होता. आवडनिवड असणे ही चैन आहे असे जो म्हणतो, त्याने हे लक्षात घ्यावे की माणसाला 'तुला काय हवे?' असे विचारले जाणे, हा त्याच्या माणूसपणाचा पहिला मान आहे.

आणखी एक बाजू सांगतो. आपण जे आवडते म्हणून बोलून दाखवीत नाही, ते हळूहळू नाहीसे होते. खारेपाटातल्या जमिनीत, जेथे बांध फुटून खारे पाणी शिरते तेथे, 'राता' नावाचा लालसर दाण्याचा भात घेत असत. खारेपणा सोसणारा भात तो. त्याचे उत्पन्न कमी, हे तो मागे पडण्याचे एक कारण खरेच. पण पाहुण्यापुढे लाल भात वाढावयास लाज वाटू लागली, पांढरा भात हा प्रतिष्ठेचा झाला, हेही एक कारण आहे असे मला वाटते. त्या भाताचा गोडवा चाखलेली माणसे गप्प राहिली. उलट आपला पांढरा कांदा पाहा. लहान, कमी तिखट, वेणीसारखा गुंफून विकावयाचा. कार्ले-खंडाळे भागातल्या शेतकऱ्यांनी आपलेच बी राखून तो चालू ठेवला, आणि खाणाऱ्यांनी 'आम्हांला हाच हवा' असे मोठ्याने म्हटले. आता त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. एक आवड बोलली गेली आणि टिकली; एक मुकी राहिली आणि विरली.

2020 च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट येऊ लागली. शनिवार-रविवारी मुंबईची मोटार थेट आपल्या दारात उतरते. पाहुणा आला, चांगलेच झाले. परंतु पाहुण्याला काय आवडेल याचा अंदाज करून आपण आपल्या खाणावळींवर 'मालवणी जेवण' अशा पाट्या लावल्या! मालवणच्या पाककृतींविषयी मला पूर्ण आदर आहे. पण मालवण येथून किती दूर, आणि आगरातल्या स्वयंपाकाला स्वतःचे नाव नाही काय? थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात भरून, भांबुर्ड्याचा पाला घालून, मडके उपडे ठेवून भोवती जाळ करून जी पोपटी लावतात, ती कोणत्या मालवणात होते? पाहुण्याला आपली आवड सांगण्याचा संकोच, हाही एक न्यूनगंडच. 'अलिबागहून आलास काय?' या प्रश्नाला याचिकेपेक्षा चांगले उत्तर आहे. 'होय, आणि येताना पोपटी घेऊन आलो आहे. बस, खाऊन पाहा.'

याच वृत्तीचा एक धडा सासवण्याला आहे. शिल्पकार करमरकर यांनी पुण्यातला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडविला, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्यांच्या सासवण्याच्या घरी जाऊन पाहा; तेथे आसपासची साधी माणसे आणि जनावरे त्यांनी तितक्याच आस्थेने घडविलेली दिसतील. रोज दारावरून जाणाऱ्या माणसाकडे नाक न मुरडता, डोळे भरून पाहिले की ते काय होते, हे तेथे समजते.

आता फार वेळ घेत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या वाड्यांतल्या नारळी-पोफळी एका दिवसात आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यावयास वर्षे जातात. हिशेबी माणूस म्हणेल, दुसरे काही लावा. तरी वाड्यांतून पुन्हा पोफळीचीच रोपे लागली. त्यात हिशेब होताच, पण नुसता हिशेब नव्हता. माणसाची खरी आवड ही अशी असते. तिला फारसे कारण देता येत नाही, आणि तिच्यासाठी तो वाट पाहावयास तयार असतो. अशी आवड प्रत्येकापाशी काही ना काही असते, आणि ती कोणाला दाखविता आली नाही तर मनुष्य गर्दीत एकटा राहतो.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. आवड मोकळेपणाने बोलून दाखवावी, आणि दुसऱ्याची विचारून घ्यावी. नावड असावी, ती सांगावीही, पण ती आपल्या ताटापुरती ठेवावी. शेजारच्या ताटावर तिचा अंमल चालवू नये. आणि मीठ अळणी लागले, तर बरणीत हात घालण्यापूर्वी क्षणभर मनात डोकावून पाहावे. आज येथून घरी गेल्यावर उद्याचा स्वयंपाक काय, असा प्रश्न निघेलच. तेव्हा जी रोज तो विचारते, तिलाच एकदा तो विचारून पाहा. 'काहीही चालेल' असे उत्तर आले, तर ते मान्य करू नका, पुन्हा विचारा. पहिल्या खेपेस कदाचित तिलाही आठवणार नाही.